कुंडी सरकवली आणि माशी रस्ता चुकली

प्रश्न: घरामागच्या मोकळ्या मातीत आठवडाभर चार-पाच भोकं दिसतायत, करंगळी जेमतेम जाईल एवढी, बाजूला भुसभुशीत मातीचा ढीग. परवा एक काळी, लांब पायांची माशी हिरवा नाकतोडा ओढत आणताना बघितली, नाकतोडा तिच्यापेक्षा मोठा! काल मी भोकाजवळची कुंडी हातभर सरकवली तर ती येऊन कुंडीपाशीच घिरट्या घालत राहिली, भोक समोर असून सापडेना. घरात लहान मूल आहे, सगळे म्हणतात उकळतं पाणी ओत. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते पाणी राहू द्या. चार-पाच फुटांवर बसा आणि दहा मिनिटं नुसती वर्दळ मोजा. एकाच भोकातून एकामागून एक माश्या आत-बाहेर करत असतील तर ती वसाहत, तिथून मुलाला लांब ठेवायचं, काठी घालायची नाही, पाणी तर नाहीच, जाणकार माणूस बोलवायचा. पण प्रत्येक भोकाला एकच मालकीण असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतंय, तर ती एकांडी गांधीलमाशी. ती बिळाची राखण करत नाही, नांगी शिकारीसाठी असते, हातात धरली किंवा अनवाणी पायाखाली आली तरच डंख मारेल. नराला तर नांगीच नसते. (घरात कुणाला डंखाची अॅलर्जी असेल तर मात्र अंतर ठेवाच.)

ओळखायची तर रंगावर फार जाऊ नका, रंग फसवतात, ती काय घेऊन येते ते बघा. नाकतोडा किंवा रातकिडा असेल तर बहुतेक स्फेक्स नावाची गांधीलमाशी. अळी आणत असेल आणि माशीची कंबर दोऱ्यासारखी असेल तर अमोफिला नावाची, हिच्या काही जाती बीळ बुजवल्यावर तोंडात खडा धरून माती चक्क ठोकून बसवतात. कोळ्याला ओढत उलटं चालणारी, पंख झटकत फिरणारी वेगळी. तुमचा नाकतोडा मेलेला नव्हता बरं का, डंखाने लुळा पाडलेला, नीट बघितलं तर मिशा हलताना दिसतील. त्याच्यावर अंडं घालून ती बीळ बुजवते, पुढे अंड्यातून निघालेली तिची अळी त्याला ताजा ताजा खाते, आई स्वतः फुलातला मध पिते. क्रूर वाटतं खरं, पण नाकतोडे कमी होतात हेही तितकंच खरं.

आता कुंडीचं. निको टिनबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने (1973 चं नोबेल मिळालेले) मधमाश्या धरणाऱ्या अशाच एका माशीच्या बिळाभोवती पाईनची फळं गोलात मांडली, ती बाहेर गेल्यावर तो गोल थोडा बाजूला सरकवला, तर परत आलेली माशी बीळ सोडून त्या गोलाच्या मधोमध उतरली. निघताना ती बिळावरून गोल गोल उडते ना, तेव्हा आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवत असते. तुमच्या माशीची खूण म्हणजे ती कुंडी. मुलाला तिथे चप्पल घालून जाऊ द्या आणि कुंडी होती तिथे ठेवा, आजच.