घोडी दुबईहून आली तरी जन्म पाकिस्तानातलाच

प्रश्न (थोडक्यात): मार्च 2025 मध्ये दुबईच्या दलालामार्फत दोन नुकरा (पांढऱ्या) घोड्यांचा सौदा केला. जन्म पाकिस्तानी पंजाबातला. चाळीस टक्के इसार बँकेतून टीटीने (थेट परदेशी खात्यावर) पाठवला. मग पाकिस्तानी मालावर बंदी आली. दलाल म्हणतो, घोड्या दुबईत आणतो, कागद तिथले करून देतो. सौदा बंदीच्या आधीचा आहे, तर आणता येतील का? नाहीतर पैसे कसे सोडवायचे? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की असे प्रश्न वाढतात. घोड्या आणू नका. कारण 2 मे 2025 च्या अधिसूचनेने परकीय व्यापार धोरणात घातलेला परिच्छेद 2.20ए. पाकिस्तानात उत्पन्न झालेल्या किंवा तिथून निर्यात झालेल्या कोणत्याही मालाची थेट वा अप्रत्यक्ष आयात त्याने बंद केली आहे. जनावराचं मूळ ते जिथे जन्मलं तिथलं. दुबईच्या तबेल्यात महिना काढला म्हणून ते बदलत नाही.

सौद्याची तारीख इथे कामाची नाही. धोरणाच्या परिच्छेद 1.05 नुसार आयातीची तारीख ठरते ती माल चढवल्याच्या कागदावरून. एकच पळवाट होती: बंदीआधी उघडलेली अपरिवर्तनीय एलसी (बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र), तीही 15 दिवसांत डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) प्रादेशिक कार्यालयात नोंदवलेली. म्हणजे 17 मेपर्यंत. तुम्ही एलसी उघडलीच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर भाव ठरवून टीटी मारली. एलसी असती तरी राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखालच्या बंदीत ती टिकली असती का, याची खात्री मी देणार नाही. शिवाय जिवंत घोड्याला मुळातच परवाना आणि क्वारंटाइन लागतं. त्याबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही.

कोणी तुम्हाला 2019 चा दाखला देईल. पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर 200 टक्के ड्युटी लागली, ती अधिसूचना 16 फेब्रुवारीला रात्री 8 वाजून 46 मिनिटं 58 सेकंदांनी प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी आधी बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद) दाखल केलेले अटारीचे आयातदार सुप्रीम कोर्टात जिंकले. पण सप्टेंबर 2020 मध्ये! काही तासांच्या फरकाला एकोणीस महिने. शिवाय त्यांचा माल हद्दीत आलेला होता, तुमच्या घोड्या अजून निघालेल्याही नाहीत.

दुबईच्या कागदांचा बेत तर सोडूनच द्या. घोड्याच्या पासपोर्टवर शिंगरू कुठे जन्मलं ते असतं, आई-बापाची नावं असतात, अंगावरच्या खुणांचं रेखाचित्र असतं आणि 15 अंकी मायक्रोचिपचा नंबर असतो. स्कॅनर मानेला लावला की जुना नंबर वाचला जातो. पासपोर्ट नवा केला तरी चिप तीच, आणि चिप बदलली तर आधीच्या आरोग्य दाखल्यावर जुना नंबर असतोच. दुबईमार्गे आलेले पाकिस्तानी मालाचे कंटेनर डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) जून 2025 मध्ये पकडलेत, म्हणजे ही वाट त्यांना ठाऊक आहे. मूळ देश खोटा लिहिलात तर कस्टम्स कायद्याच्या कलम 111 खाली जप्ती, 114एए खाली किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर) जाण्याची भीती. बंदी असलेला माल दंड भरून सोडवू देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही.

आता पैसे. आगाऊ रक्कम पाठवल्यापासून सहा महिन्यांत माल यायला हवा होता. तो काळ सप्टेंबर 2025 मध्येच संपला. बँकेच्या आयडीपीएमएसमध्ये (आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेत) तुमची नोंद उघडी पडून आहे. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) कलम 10(6) ची नोटीस येण्याआधी बँकेला लेखी कळवा: सौदा रद्द, कारण बंदी, सोबत अधिसूचनेची प्रत आणि मुदतवाढीची विनंती. दलालाला ईमेलने रद्दपत्र पाठवा. पैसे त्याच बँकेत, त्याच खात्यावर परत यावेत असं स्पष्ट लिहा. ‘इकडे माणूस रोख देईल’ म्हणाला तर नको म्हणा, ते हवाला ठरेल आणि बँकेतली नोंदही बंद होणार नाही.

दलालाने पैसे दिले नाहीत तर करार कायद्याच्या कलम 56 आणि 65 खाली परतीचा दावा मांडता येईल, पण कोणत्या देशाचा कायदा लागू यावरच वाद होईल, कारण लेखी करार नाही. रक्कम लहान असेल तर वकिलाच्या नोटिशीनंतर तडजोड करा. आणि दलालासोबतची चॅट पुसू नका. ‘कागद तिथले करतो’ या मेसेजखाली तुम्ही होकाराचा अंगठा (इमोजी) टाकला असेल, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी ती वकिलाला दाखवा.