वर्ग सोडून ‘कोच’ व्हावं का?

प्रश्न: माझी मुलगी वाकडच्या एका सीबीएसई शाळेत सात वर्षं गणित शिकवते. बी.एस्सी., बी.एड. आहे. येत्या सत्रापासून शाळा तिला ‘इन्स्ट्रक्शनल कोच’ करू म्हणतेय. पगार थोडा वाढेल, पण वर्ग सुटेल. एम.एड. करायचंही तिच्या मनात आहे. कोच म्हणजे पर्यवेक्षकच ना? हो म्हणावं का? (एक वडील, कोथरूड)

नमस्कार. कोच म्हणजे शिक्षकाच्या वर्गात बसून त्याला शिकवणं सुधारायला मदत करणारा सहकारी. तो पर्यवेक्षक नव्हे, आणि मुलीचा निर्णय नेमका इथेच अडणार आहे. पर्यवेक्षक टाचणं तपासतो, तास बघतो आणि शेरा लिहितो. तो शेरा वर्षअखेरीच्या मूल्यमापनात जातो. कोचही मागच्या बाकावर बसतो, पण त्याच्या वहीतलं पान मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाता कामा नये. एकदा गेलं की पुढच्या वेळी शिक्षक ‘दाखवायचा’ तास घेतात: ठेवणीतले तक्ते बाहेर, प्रश्न फक्त हुशार पोरांना. अशा तासातून सुधारण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

शाळांना हे पद आताच का सुचलं, तेही सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. सीबीएसईत त्यातले २५ तास मंडळाच्या किंवा सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणातून आणि उरलेले शाळेतच करायचे असतात. हे शाळेतले तास भरायला शाळेला माणूस हवा असतो. चांगल्या शाळेत तो माणूस खरंच कोच असतो. बाकी ठिकाणी हजेरीपत्रक आणि प्रमाणपत्रं सांभाळणारा कारकून.

खरं काम कसं असतं ते सातवीच्या एका तासावरून बघा. विषय अपूर्णांकांची बेरीज. कोचच्या वहीत पानावर उभी रेघ. डावीकडे बाई काय बोलल्या, उजवीकडे मुलांनी काय केलं, आणि समासात वेळ. ‘छान’, ‘गोंधळ’ असले शब्द लिहायचे नाहीत. लिहायचं ते असं: ‘१०.१२, समजलं का? सगळे हो म्हणाले. १०.१४, तिसऱ्या रांगेतल्या दोन वह्यांत १/२ + १/३ = २/५.’ तास संपल्यावर मोजायचं: एकूण प्रश्न १४, त्यातल्या ११ ची उत्तरं पुढच्या बाकांवरच्या चौघांनी दिली.

मग शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत २०-२५ मिनिटं बोलायचं. आधी हे आकडे बाईंसमोर ठेवायचे आणि गप्प बसायचं. नवे कोच नेमके इथे घसरतात. ‘तास छान झाला, पण...’ म्हणून सुरुवात करतात आणि नऊ सूचना देतात. बाई नऊच्या नऊ ऐकून घेतात, एकही वापरत नाहीत. सूचना एकच हवी, आणि पुढच्या तासाला मोजता येईल अशी. उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच नाव घ्यायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. बाईंना ते जमेना, तर कोचने त्यांच्याच वर्गात दहा मिनिटं करून दाखवायचं. पुढच्या भेटीत फक्त तेवढंच बघायचं. ते बसलं की दुसरी गोष्ट.

आता याचा हिशोब मांडा. आधीचं बोलणं १० मिनिटं, तास ४०, टिपणं लावायला ३०, चर्चा २५. म्हणजे एका शिक्षकामागे जवळजवळ दोन तास. आठ शिक्षक असतील आणि प्रत्येकाकडे पंधरवड्याला एकदा जायचं असेल, तर आठवड्याला चार भेटी, आठ तास. हे झेपतं. तीसजण दिले तर याच वेगाने एकाची पाळी दोन महिन्यांनी येते, तोवर तीन सेकंद कुणाच्या लक्षात राहणार? २०१८ साली मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० अभ्यास एकत्र तपासले. कोचिंगमुळे शिकवणं सुधारतं हे त्यातून दिसलंच, पण कार्यक्रम मोठा झाला की फायदा कमी होतो, हेही दिसलं.

म्हणून होकार देण्याआधी मुलीने चार गोष्टी लेखी मागाव्यात. शिक्षक दहाच्या आत. निरीक्षणाची टिपणं मूल्यमापनात वापरणार नाहीत. बदली तास, परीक्षेचं वेळापत्रक आणि स्नेहसंमेलन तिच्या गळ्यात पडणार नाही (पडतंच, कारण वेळापत्रकात ती ‘रिकामी’ दिसते). आणि स्वतःचा एक वर्ग तिच्याकडे राहील. या चौथ्या अटीवर मी सगळ्यात जास्त अडून बसेन. वर्ग सुटलेल्या कोचचं शिक्षकखोलीत दोन वर्षांनी कुणी ऐकत नाही, आणि उद्या शाळा बदलायची वेळ आली तर हातात चालू शिकवण्याचा अनुभवही उरत नाही. सुट्ट्यांचंही विचारा. अशा पदांना मे महिन्याची पूर्ण सुट्टी बऱ्याचदा मिळत नाही, मग पगारवाढ तेवढी मोठी राहत नाही.

एम.एड. या पदासाठी लागत नाही. पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर लागतं, तेव्हा ते त्या हिशोबाने ठरवा. सरकारी बाजूला याच्या जवळचं पद केंद्रप्रमुखाचं (आसपासच्या काही शाळांचं काम बघणारा), पण ते जिल्हा परिषदेच्या शिक्षकांमधून भरतात. खासगी शाळेतून थेट तिकडे जाता येत नाही.

शाळा लेखी द्यायला कां-कूं करत असेल, तर मुलीने या सत्रात पद न घेता एका मैत्रिणीच्या वर्गात सहा आठवडे हे करून बघावं: आठवड्याला एक तास, एक वही, एक सूचना. मैत्रिणीने सातव्या आठवड्यात आपणहून बोलावलं, तर पुढच्या वर्षी हेच पद मागायला तिच्याकडे सहा पानांची वही असेल. फक्त ती वही दाखवण्याआधी मैत्रिणीला विचारायला सांगा.