जेलात नाटक बसवायचंय, बाबा नको म्हणतात

प्रश्न: ताई, मी कोथरूडची, वय २४, कॉलेजात दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका केल्यात, आता आयटीत. एका ग्रुपसोबत येरवडा जेलमध्ये नाटकाचं वर्कशॉप घ्यायचं चाललंय, तर बाबा म्हणतात नाटकानं कुठे गुन्हेगार सुधारतात का, नसते उद्योग. खरंच उपयोग होतो का? आणि बसवू काय?

उत्तर: अगं, सुधारतील अशी गॅरंटी कोणी देत असेल तर त्या ग्रुपसोबत जाऊच नकोस. पण उपयोग होतो, आणि प्रयोगापेक्षा तालमीत जास्त. मी एका छोट्या जेलात गेले होते तेव्हा सीन दिला, मुलगा सुटून घरी येतो, बास. एका धिप्पाड गड्याला आईचं काम दिलं, त्याने डोक्यावर टॉवेल घेतला, सगळी बराक खो खो हसली, आणि मुलगा दारात आला तर हा पठ्ठ्या बोलेचना, नुसता चहाचा कप पुढे सरकवत बसला, कप नव्हताच हातात, आणि मग कोणी हसलं नाही. नंतर मला म्हणाला, "आई जेलात भेटायला येते तेव्हा गप्पच असते, मला वाटायचं चिडलीये."

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या नाट्यदिग्दर्शकानं १९७० च्या दशकात एक पद्धत काढली, त्यात सीन मधेच थांबवतात आणि बघणाराच उठून पात्राच्या जागी जातो, वेगळं वागून बघतो. भांडण पेटायचा सीन घे, कुठे थांबता आलं असतं ते त्यांनाच शोधू दे. तू मात्र "काय केलंस?" असं कोणालाही विचारायचं नाही, सांगितलं तर ऐकायचं.

बसव काहीही, फक्त पहिल्याच फटक्यात वाल्या कोळी नको! कोलकात्यात नृत्यांगना अलोकनंदा रॉय यांनी प्रेसिडेन्सी जेलच्या बंद्यांना घेऊन टागोरांचं 'वाल्मीकि प्रतिभा' केलं, गाजलं पण खूप, पण त्याच्या आधीपासून त्या तिथे नाच शिकवायला जात होत्या. आपण आल्या आल्या वाल्याचा वाल्मीकी काढला की ते कीर्तन वाटतं.

परवानगीला वेळ लागतो, कारागृह विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे तेवढीच सोय, मोबाइल गेटवरच ठेवावा लागेल. आणि कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेले, असतील तर प्रत्येक भूमिकेला दोघं तयार ठेव, कोर्टाची तारीख पडली की हिरो गायब. आमचा टॉवेलवाला तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी जामिनावर सुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आईचं काम शेवटी मलाच करावं लागलं.