'सरन्यायाधीश'मधला 'सर' कुणाचा?

प्रश्न असा आला आहे : "'सरन्यायाधीश'मधला 'सर' इंग्रजीतून आला का? आणि 'त्याची सर याला नाही' म्हणतो, तेव्हा हाच 'सर' असतो का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, अजिबात नाही. 'सर न्यायाधीश' असं तोडून लिहिलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. वृत्तनिवेदकही मध्ये श्वास घेऊन तसंच वाचतात, जणू न्यायाधीशांना कुणी हाक मारतं आहे! शब्द अखंड आहे. त्यातला 'सर' फारसी. अर्थ डोकं, आणि म्हणून प्रमुख, वरचा, टोकाचा. सरदार, सरकार, सरहद्द, सरंजाम, सरपंच, सरचिटणीस या सगळ्यांत तोच. 'सरासरी'तही तोच : फारसीत 'सरासर' म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पावसाची सर आणि मोत्यांचा सर सगळ्यांना ठाऊक आहेत, ते बाजूला ठेवू. खरी गंमत या फारसी डोक्यात आहे. फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिर' हे सख्खे चुलतभाऊ. संस्कृत, फारसी आणि युरोपातल्या बहुतेक भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या एका ध्वनीचा संस्कृतात 'श' झाला आणि इराणकडे 'स' झाला. म्हणून आपलं 'शत' तर त्यांचं 'सद', त्यावरूनच हिंदीत 'सदी' आली. आपण 'जीवेम शरदः शतम्' म्हणतो, त्यातला 'शरद' म्हणजे वर्ष. त्याचंच इराणी भावंड 'साल'. शत–सद, शरद–साल, शिर–सर. एकदा हे दिसलं की शब्दांकडे पूर्वीसारखं पाहताच येत नाही.

हे कुटुंब आणखी पसरलं आहे. डोक्याचा शब्द आणि डोक्यावरच्या शिंगाचा शब्द एकाच धातूपासून, म्हणजे मूळ शब्दापासून, निघालेले; म्हणून 'शृंग' आणि इंग्रजी 'हॉर्न' हेही त्याच घरचे. लॅटिन 'सेरेब्रम' म्हणजे मेंदू, ग्रीक 'क्रानिओन' म्हणजे कवटी. आता हे ऐका. ग्रीकांनी अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला 'हेमिक्रानिया' म्हटलं : 'हेमि' म्हणजे अर्धं, पुढे कवटी. फ्रेंचांच्या तोंडी झिजून त्याचं 'मिग्रेन' झालं, इंग्रजीत 'मायग्रेन'. आणि आपली 'अर्धशिशी'? अर्ध आणि शीर्ष! तेच दुखणं, तीच कल्पना, आणि 'शीर्ष' व 'क्रानिओन' मुळात एकाच धातूचे. डॉक्टर 'मायग्रेन' म्हणाले आणि आजी 'अर्धशिशी' म्हणाली, तर दोघं एकच बोलले.

माझं ठाम मत असं की मराठीने हा 'सर' इतक्या सहज स्वीकारला तो या नात्यामुळेच. 'शिरोमणी', 'शिरोधार्य' म्हणणाऱ्या कानाला तो परका वाटलाच नाही. यावर अभ्यासक म्हणतात, यात विशेष काय, फारसीतून आलेला 'गैर' लावून 'गैरव्यवहार' आणि 'गैरसमज'ही आपण केलेच की. हे मला पटत नाही. नकाराचे उपसर्ग कुठेही चिकटतात. पदाला मोठेपणा देणारा शब्द माणूस पारखून घेतो. सरनोबताला शिवकाळात 'सेनापती' हे संस्कृत नाव दिलं गेलं, फारसी शब्द मुद्दाम बाजूला सारला गेला. तरी आपण आज 'सरसेनापती' म्हणतोच. घालवलेला 'सर' परत आला, आणि थेट संस्कृत शब्दाच्या डोक्यावर बसला!

म्हणून 'फारसी सर हटवा, मुख्य न्यायाधीश लिहा' हा शुद्धिवाद्यांचा आग्रह मला चुकीचा वाटतो. शिराच्या भावाला परका ठरवून काय मिळवणार? शिवाय मराठीत सरन्यायाधीश देशाचे आणि मुख्य न्यायमूर्ती उच्च न्यायालयाचे, हा उपयोगी भेद आपण का पुसायचा?

आता इंग्रजी 'सर', वर्गातला आणि कचेरीतला. तो 'सायर'वरून, 'सायर' लॅटिन 'सेनिऑर'वरून, म्हणजे अधिक वयाचा. 'सिनियर' तोच, स्पॅनिश 'सेन्योर' आणि फ्रेंच 'मस्यू'चा उत्तरार्धही तोच. मूळ शब्द 'सेनेक्स', म्हातारा; आणि त्याचा वैदिक भाऊ 'सन', म्हणजे जुना. आपल्या 'सनातन'चं मूळ हेच. शिक्षकांना आपण 'सर' म्हणतो, तो सनातनचा नातेवाईक. सरपंचातला सर शिराचा. उच्चार एक, घराणी दोन.

दुसरा प्रश्न राहिलाच. 'त्याची सर याला नाही'मधली सर स्त्रीलिंगी आहे, इथेच ती फारसी डोक्यापासून वेगळी पडते. तिला मोत्यांच्या सराशी जोडणारेही भेटतात, तेही सोडा. संस्कृत 'सदृश', प्राकृतात 'सरिस', त्यातून ही 'सर'. 'सदृक्ष'चं 'सरिक्ख', आणि त्यातून आपलं 'सारखा'. सर म्हणजे सारखेपणा. 'सर' आणि 'सारखा' ही बहीणभावंडं.