तळहाताएवढ्या चित्रांचे प्रश्न

निसर्गातील आणि रोजच्या व्यवहारातील विषयांवर लघुचित्रे काढणाऱ्या वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. सारखेच प्रश्न असलेली पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून मुलुंडला राहते. खिडकीसमोर सोनमोहराचे मोठे झाड आहे आणि त्याच्या एका फांदीवर शिंजिराने घरटे बांधले आहे. हे दृश्य पोस्टकार्डाच्या आकारात रंगवण्याचा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी झाडाचा हिरवा-पिवळा चिखल होतो आणि पक्षी त्यात हरवून जातो. माझे नेमके कुठे चुकते?

उत्तर : आधी थोडे गणित करू. सुमारे १५ मीटर उंचीचे झाड १० सेंटिमीटरमध्ये बसवायचे, तर ते दीडशे पटींनी लहान करावे लागते. मग सोनमोहराची दीड सेंटिमीटरची पर्णिका कागदावर ०.१ मिलिमीटरची होईल, आणि तेवढी रेघ कोणत्याही ब्रशने सुखासुखी निघत नाही. म्हणजे हात कच्चा आहे असे मुळीच नाही, मागणीच अवाजवी आहे. लघुचित्र ही मोठ्या चित्राची आक्रसलेली प्रत असते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि बहुतेक चिखल त्यातूनच होतो. छोट्या कागदावर छोटा विषय घ्यावा आणि शक्य असेल तर तो जवळजवळ मूळ आकारात रंगवावा.

तुमच्यापुढे असा विषय आयता लटकलेला आहे. शिंजिराचे घरटे साधारण वीतभर लांबीची पिशवी असते. गवताचे तंतू आणि कोळ्याची जाळी यांनी ती विणलेली असते, बाहेरून सालीचे कपटे आणि सुरवंटांची विष्ठासुद्धा चिकटवलेली असते, आणि बाजूच्या दाराला वरून छोटीशी पडवी असते. दुर्बिणीतून पाहिलेत तर हे सारे दिसेल, मात्र अंडी-पिल्ले असताना फार जवळ जाऊ नये. चित्रात घरटे, त्याला धरणारी डहाळी, एखादी तांबूस शेंग आणि कळ्यांचा एक तुरा एवढेच ठेवावे. सोनमोहराच्या कळ्यांवर गंजाच्या रंगाची मखमली लव असते आणि त्यांतून चुरगळलेल्या पाकळ्यांची पिवळी फुले उमलतात. गंजासारखा तपकिरी आणि पिवळा हे दोन रंग नीट साधले तरी झाड ओळखू येते. मागची पाने गाळून कागद कोरा सोडावा.

कोऱ्या पार्श्वभूमीची धास्ती वाटत असेल तर जहांगिराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर यांचे टर्की पक्ष्याचे चित्र आठवावे. १६१२ मध्ये जहांगिराचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून काही अपूर्व प्राणी बादशहाकडे आणले होते आणि त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात, अशी नोंद जहांगिराने आत्मचरित्रात केली आणि चित्रकारांना त्या प्राण्यांची चित्रे काढण्याची आज्ञा दिली. आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या त्या चित्रात पक्ष्यामागे ना महाल आहे ना बाग, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर पिसांवरून हलत नाही.

आता कृतीविषयी. रेखाटन वेगळ्या कागदावर करून मगच मुख्य कागदावर उतरवावे, कारण वारंवार खोडल्याने कागदाचा पृष्ठभाग फुटतो आणि पुढे रंग तेथे डागासारखा बसतो. आमच्या परंपरेतही आधी खाका, म्हणजे रेषांवर बारीक भोके पाडलेला नमुना, तयार करून तो कोळशाच्या भुकटीने उतरवून घेत असत. त्यानंतर घरट्याला राखाडी-तपकिरी रंगाचा एक पातळ थर द्यावा, तो पूर्ण सुकू द्यावा आणि सावलीच्या बाजूला दुसरा द्यावा. पोताचे काम शेवटी येते, त्याला पर्दाज म्हणतात. ब्रशमध्ये रंग घेऊन तो सुती फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि घरट्याच्या गोलाईच्या दिशेने बारीक, तुटक रेघा देत राहायचे. सर्वत्र सारख्या रेघा देऊ नयेत. दाराभोवती दाट, खाली विरळ आणि उजेडाच्या बाजूला जवळजवळ नाहीत, असे ठेवावे. कोळ्याचे जाळे पांढऱ्या रेघांनी काढण्याचा मोह टाळावा, नाहीतर घरट्याला सुतळी गुंडाळल्यासारखे दिसते. त्या जागी ओल्या ब्रशने थोडा रंग उचलून घ्यावा.

प्रश्न : मी गिरगावच्या चाळीत राहतो. मला कटिंग चहाचा ग्लास, पितळी डबा, बाजारातले बोंबील अशा गोष्टी रंगवाव्याशा वाटतात. माझे मित्र म्हणतात की, लघुचित्र म्हटले की राधाकृष्ण, राजे आणि बागा हव्यात. असे विषय या शैलीत शोभतात का?

उत्तर : शोभतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील 'अकबरनामा'च्या पोथीत फत्तेपूर सिक्रीच्या बांधकामाचे चित्र आहे. त्यात बादशहाच्या आसपास दगड फोडणारे आणि चुना-दगड वाहणारे मजूर भरलेले आहेत. मित्रांना तेवढे एक चित्र दाखवले तरी पुरे.

चहाच्या ग्लासाला मात्र कमी लेखू नये. त्याचा तळ जाड असतो, त्यामुळे चहाचा रंग जिथे संपतो आणि ग्लास जिथे टेकतो त्या दोन रेषांमध्ये काचेचा एक फिकट पट्टा उरतो. हा पट्टा विसरला की ग्लास प्लास्टिकचा दिसू लागतो. काठाजवळ चहा किंचित फिका, मध्ये गडद आणि पृष्ठभागावर सायीची सुरकुती असते. चकाकीसाठी कागदाचा पांढरा सुरुवातीपासून राखून ठेवावा. बोंबलांबाबत मी तुम्हाला बाजाराऐवजी वेसावे किंवा मढ येथे जायला सांगेन. तेथे बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून सुकत घातलेल्या जोड्या दिसतात. ताजा बोंबील पारदर्शक गुलाबी-पांढरा असतो आणि सुकताना पिवळसर होतो. एकाच ओळीत हा बदल टिपता आला तर ते चित्र केवळ मासळीचे राहणार नाही. वासाची तयारी ठेवून जावे.

प्रश्न : लघुचित्रासाठी सर्वांत बारीक ब्रश आणि खास वसली कागद लागतोच का? आम्हा विद्यार्थ्यांना हे परवडत नाही. खनिज रंग घरी वाटून घ्यावेत का? (ठाणे आणि विरार येथील दोन पत्रे)

उत्तर : ब्रशचा क्रमांक पाहू नका, टोक पाहा. तीन शून्यांच्या ब्रशमध्ये रंग फार कमी मावतो आणि तो कागदावर पोहोचेपर्यंत सुकतो, म्हणून एक किंवा दोन क्रमांकाचा गोल ब्रश घ्यावा. दुकानात पाणी मागून तो भिजवावा आणि झटकल्यावर त्याला एकच अणकुची येते का हे बघूनच पैसे द्यावेत. आता कृत्रिम केसांचे चांगले ब्रश मिळतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी देऊ केले तर घेऊ नयेत, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे.

वसली म्हणजे हातकागदाचे थर खळीने चिकटवून अकीक दगडाने घोटून गुळगुळीत केलेला कागद. सरावासाठी त्याऐवजी ३०० ग्रॅमचा (प्रति चौरस मीटर) हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा, कागद चालतो. एक ताव कापला की पोस्टकार्डाएवढे बरेच तुकडे होतात, त्यामुळे महाग वाटणारा सुती कागदही परवडतो. खनिज रंगांपैकी गेरू खुशाल वाटावा. हरताळात आर्सेनिक, हिंगुळात पारा आणि सिंदुरात शिसे असते, त्यांच्या वाटेला जाऊ नये. रंग कोणतेही असोत, ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय आधी मोडावी.

प्रश्न : दादरच्या घरात पावसाळ्यात माझ्या चित्रांवर तपकिरी ठिपके येतात. फ्रेम केलेली चित्रेही सुटत नाहीत. उपाय सांगावा.

उत्तर : हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि मुंबईत जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वरच असते. जलरंगांतील डिंक आणि कागदाची खळ हे बुरशीचे खाद्य आहे. खळीला कसरही लागते, म्हणूनच जुने कारागीर वसलीच्या खळीत मोरचूद घालत.

फ्रेम केलेल्या चित्रांचे बहुतेक नुकसान काच कागदाला टेकल्याने होते, कारण आत अडकलेला दमटपणा काचेवर जमून थेट रंगावर उतरतो. काच आणि चित्र यांत आम्लरहित माउंटचे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे) अंतर ठेवावे. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर, म्हणजे बहुधा पश्चिमेच्या, चित्र लावू नये. इतर भिंतीवरही फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. सुटी चित्रे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावेत. डांबराच्या गोळ्यांनी कीड दूर राहते, दमटपणा नाही.

ठिपके आलेच तर ओल्या फडक्याने पुसू नये, त्याने बुरशी पसरते आणि रंगही उठतो. चित्र पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत पूर्ण सुकवावे आणि मग नाकाला रुमाल बांधून, गच्चीत किंवा गॅलरीत, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटकावी. तपकिरी डाग त्यानंतरही राहतील. ते घरगुती ब्लीचने काढायला जाऊ नये, चित्र मोलाचे असेल तर कागदाच्या जतनाचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावे.