जोडकाम सुरू असतानाच ॲल्युमिनियमच्या आत का पाहायचे?

प्रश्न : आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने जोडतात. सांधा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची आमची पद्धत आहे. परदेशात जोडकाम चालू असतानाच क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांच्या साहाय्याने धातू तपासतात, असे वाचले. तयार सांधा हाती असताना याची गरज काय, आणि दोन्ही साधने कशासाठी लागतात?
— एक वाचक, चाकण

उत्तर : तुमची पद्धत आवश्यकच आहे, परंतु कापलेला सांधा शेवटची अवस्था दाखवतो, आणि ती अवस्था कशी आली हे त्यातून कळत नाही. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलेल्या या जोडपद्धतीत धातू वितळत नाही, तर फिरत्या हत्याराच्या घर्षणाने साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापून मऊ होतो आणि ढवळला जातो. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूंची ताकद मुख्यतः काही नॅनोमीटर आकाराच्या सूक्ष्म कणांमुळे येते. हत्याराखाली हे कण विरघळतात, बाजूच्या तापलेल्या भागात ते वाढून विरळ होतात, आणि थंड होताना, कित्येकदा नंतरही काही दिवस, नवे कण तयार होत राहतात. म्हणजे आठवड्याने कापलेला तुकडा जोडकामाच्या क्षणाचा साक्षीदार उरलेलाच नसतो. शिवाय इतके बारीक कण प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. क्ष-किरणांच्या विखुरण्यातून त्यांचा माग 1938 मध्ये गिन्ये आणि प्रेस्टन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे काढला होता.

प्रयोगशाळेतील, तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतून निघणारे क्ष-किरण ॲल्युमिनियममध्ये शंभर मायक्रोमीटरच्या आतच निम्म्याहून कमी होतात, त्यामुळे ते पृष्ठभागापुरतेच बोलतात. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे त्यांच्याहून कितीतरी अधिक ऊर्जेचे क्ष-किरण मात्र दीड सेंटिमीटर धातू ओलांडूनही निम्मे उरतात, आणि असा प्रखर झोत सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे मोठ्या कड्यात इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रातून, मिळतो. हँबुर्ग येथील पेट्रा-3 या 2.3 किलोमीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनवर, गेस्टहाख्टच्या हेरेऑन संस्थेने खास बनवलेले जोडयंत्र झोतातच ठेवून असे प्रयोग केले जातात. चित्रे इतक्या भराभर मिळतात की कण विरघळताना आणि परत जमताना पाहता येतात. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो आणि तो अणुकेंद्रकाशीच गाठ घालतो, म्हणून जाड पट्टीच्या पोटातील काही घन मिलिमीटरचा भागही त्याने मोजता येतो. अडचण अशी की न्यूट्रॉनचा झोत क्षीण असल्यामुळे एका मोजणीलाच काही मिनिटे जातात. त्यावर उपाय म्हणजे हत्यार आणि मोजणीची जागा यांतील अंतर कायम ठेवून पट्टी सरकवत राहणे : हत्याराभोवतीची स्थिती जवळपास स्थिर असते, त्यामुळे बराच वेळ माहिती गोळा करता येते.

दोन्ही साधनांनी मोजतात ते अणूंच्या थरांमधील अंतर, आणि त्यातील बदलावरून धातूतला ताण काढतात. 100 मेगापास्कल ताणाने ॲल्युमिनियममधील हे अंतर हजारात जेमतेम दीड भाग बदलते, तर 400 अंशांच्या तापमानवाढीने हजारात नऊ भाग. म्हणून तापमान वेगळे मोजल्याशिवाय जोडकामादरम्यानचा ताण सांगणे धोक्याचे ठरते. घाईघाईने काढलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव या 100 मेगावॅट अणुभट्टीवर न्यूट्रॉन झोत, तर इंदूर येथे इंडस-2 सिंक्रोट्रॉन उपलब्ध आहे. प्रत्येक सांध्यासाठी असा प्रयोग कोणीही करणार नाही, आणि करूही नये. मिश्रधातू, हत्याराची फेऱ्यांची गती किंवा पुढे सरकण्याचा वेग यांत मोठा बदल करायचा असेल, किंवा सांध्याच्या कडेला वारंवार तडे जात असतील, तर मात्र एखाद्या अभियांत्रिकी संस्थेला सोबत घेऊन, निदान तयार सांध्यात जोडकामानंतर शिल्लक राहिलेला ताण न्यूट्रॉनने मोजून घेण्याचा प्रस्ताव जरूर द्यावा.