ब्लॉटवर बँड येतो, आयपीत काहीच नाही: अँटिबॉडी खराब समजू का?

तुमची अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला धरणारं प्रोटीन) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये वेगळी करून कागदावर उतरवली की, ठसठशीत बँड देते, पण पेशींच्या अर्कातून तेच प्रोटीन घडीसकट ओढायला गेलं (इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे आयपी) की हात हलवत परत येते. बाटली फेकू नका. बहुधा तिचं काही बिघडलेलं नाही.

अँटिबॉडीला प्रोटीनचं नावगाव ठाऊक नसतं. तिला कळतो पृष्ठभागाचा एक तुकडा, एपिटोप. माझं आवडतं उदाहरण कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम, १२९ अमिनो आम्लांची साखळी. त्याला धरून बसलेल्या डी१.३ या अँटिबॉडीची स्फटिकरचना १९८६ साली आली. तिची पकड आहे १८ ते २७ आणि ११६ ते १२९ या दोन पट्ट्यांवर. साखळीत एकमेकींपासून कुठल्या कुठे. पण साडीची घडी घातली की लांबची टोकं शेजारी येतात, तसं झालेलं. कुलूप-किल्ली म्हणतात, मला ते पटत नाही. इथे दोन बऱ्यापैकी सपाट पृष्ठभाग तळहातांसारखे टेकलेत. तरी १२१ नंबरचं ग्लुटामिन अँटिबॉडीच्या जड नि हलक्या साखळीमधल्या खोबणीत नेमकं शिरतं. टर्कीच्या लायसोझाइममध्ये तिथे हिस्टिडिन आहे, तर पकड लगेच ढिली!

ब्लॉटसाठी एसडीएस (प्रोटीन उलगडणारा साबणासारखा पदार्थ) घालून उकळलं की घडी मोडते, आणि असा एपिटोप गेला. तुमच्याकडे उलटं दिसतंय. डेटाशीटवर ‘इम्युनोजेन’ (अँटिबॉडी बनवायला प्राण्याला टोचलेला पदार्थ) बघा. पंधरा-वीस अमिनो आम्लांचा पेप्टाइड असेल, तर तो तुकडा मूळ प्रोटीनमध्ये आत दडलेला असू शकतो. उकळल्यावरच उघडा पडतो. मी ही ओळ न वाचता तीन आठवडे बफर बदलत बसलो होतो.

खात्री करायला नायट्रोसेल्युलोजवर (ब्लॉटच्या कागदावर) अर्काचे दोन थेंब टाका: एक तसाच, दुसरा एसडीएस नि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवलेला. मग दोन्हींवर तीच अँटिबॉडी लावा. फक्त दुसरा उमटला तर उत्तर मिळालं. (तसाच थेंब फिकट उमटला तर लगेच हुरळू नका, कागदावर वाळतानाही प्रोटीन थोडं उलगडतं.)

आणि हो, आयपीत अँटिबॉडीला धरून ओढणारे मणी कुठले वापरताय? अँटिबॉडी उंदराची आयजीजी१ (अँटिबॉडीचा एक उपप्रकार) असेल तर मण्यांवरचं प्रोटीन ए तिला नीट धरत नाही. आधी प्रोटीन जी लावलेले मणी वापरून बघा, मग नवी अँटिबॉडी मागवा. मागवताना संपूर्ण, घडी शाबूत असलेल्या प्रोटीनवर बनवलेली घ्या.